झाकली मूठ आणि उघडं तोंड

पत्र:

'मी 41 वर्षांचा आहे. लहानपणापासून माझी ओळख "हुशार मुलगा" अशी. माणसं वाचायचा मला छंद आहे. कोण का बोलतो, का गप्प बसतो, कुणाकडे बघून हसतो हे मला चटकन दिसतं आणि ते मी एका वहीत टिपून ठेवतो. वही आजवर कुणाला दाखवलेली नाही. ती समजून घेण्याची लोकांची कुवत आहे असं मला वाटत नाही. माझा एक जुना मित्र आहे, बुद्धीने मध्यम. आज तो व्याख्यानं देतो, त्याची दोन पुस्तकं आली आहेत, नुकताच सत्कारही झाला. त्याच्या भाषणांत अधूनमधून माझी वाक्यं असतात. सत्काराच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "आपल्याला काय येत नाही याचा विचार करत आम्ही सगळे बसून राहिलो, याला तो विचार कधी शिवलाच नाही." सभागृह खदखदून हसलं. मित्र हसला नाही. तेव्हापासून त्याचा फोन नाही. मी मत्सरी आहे, की समाजच खोटी नाणी चालवतो? आणि खरं बोलणं मी सोडून द्यावं का?
– एक प्रेक्षक'

प्रिय प्रेक्षक,

तुमचं मूळ पत्र वर छापलंय त्याच्या चौपट लांब होतं. कात्री मी लावली आणि लावताना जीवावर आलं, कारण गाळलेला भाग फार चांगला होता. बैठकीत सर्वांत शेवटी बोलून सर्वांत आधी श्रेय घेणारे तुमचे वरिष्ठ, दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपल्या बोलण्याच्या पाळीची वाट बघणारी ती नातलग बाई, 'मला काही नको' म्हणत सगळं पदरात पाडून घेणारे काका. प्रत्येकाला तुम्ही दोन ओळींत उभं केलंय. मी एकटीच हसत होते. वाचून संपल्यावर मात्र जाणवलं की एवढ्या माणसांत एका माणसाचं चित्र नाही. वही लिहिणारा कुठेच दिसत नाही.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते: दोन्ही. तुम्ही मत्सरी आहात आणि समाज खोटी नाणीही चालवतो. यातलं एक खरं ठरलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. उलट मत्सराला समाजाच्या चुका फार आवडतात. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला त्या कायम तयार असतात.

समाजापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी एक प्रयोग केला होता, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडची 48 गाणी इंटरनेटवर ठेवली. 14 हजारांहून जास्त लोकांनी ती ऐकली, त्यांना गुण दिले, आवडलेली उतरवून घेतली. एका गटाला फक्त गाणी दिसत होती. बाकीचे लोक आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटले होते. तिथे प्रत्येकाला आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दिसायचा. गाणी तीच, ऐकणारे साधारण एकाच पठडीतले. तरीही प्रत्येक जगाची यादी वेगळी निघाली. आकडा न पाहता ऐकणाऱ्यांच्या मते जे गाणं 26 व्या क्रमांकाचं होतं, ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. ते गाणं बनवणाऱ्यांना पहिल्या जगात नक्कीच आपल्या प्रतिभेबद्दल खात्री वाटली असती आणि चाळिसाव्या क्रमांकावर बसून त्यांनीही तुमच्यासारखं एखादं पत्र लिहिलं असतं.

तेव्हा तुमचं म्हणणं मान्य. लोक गुण बघतात त्याआधी इतर लोक कुठे बघताहेत ते बघतात. टाळ्यांची सुरुवात कुणी केली यावर टाळ्या किती वाजतील हे बरंचसं ठरतं. तुमच्या मित्राच्या सत्कारात नशिबाचा वाटा असणार, ओळखीचा असणार आणि 'मागच्या वेळी यांनाच बोलावलं होतं, मग याही वेळी यांनाच' या सार्वत्रिक आळसाचा तर असणारच. आयोजक नावाचा प्राणी धोका पत्करत नाही.

पण हा प्रयोग आणखी दोन गोष्टी सांगतो आणि त्या तुम्हाला तितक्या आवडणार नाहीत. एक म्हणजे फार चांगली गाणी क्वचितच अगदी तळाला गेली आणि फार वाईट गाणी क्वचितच वर पोचली. गोंधळ झाला तो मधल्यांत. आपण बहुतेक जण मधलेच, त्यामुळे नशिबाचा मार आपल्याला जास्त बसतो हे खरं, पण सगळाच कारभार आंधळा आहे असं त्यातून निघत नाही. दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की संशोधकांनी ती लिहिलीसुद्धा नसेल: ज्यांनी गाणं दिलंच नाही, त्यांचा क्रमांक आठांपैकी कुठल्याही जगात लागला नाही. समाजाने तुमची वही नाकारली असं तुमच्या पत्राचा सूर सांगतो. समाजाला वही आहे हेच ठाऊक नाही हो. नाकारायला तरी आधी समोर ठेवावी लागते.

आता मत्सर. या बाबतीत तुम्ही स्वतःला विनाकारण खलनायक समजू नका. तुमची जात फार जुनी आणि फार मोठी आहे. अडीच हजार वर्षांपेक्षाही आधी हेसिओड या ग्रीक कवीने लिहून ठेवलंय की कुंभार कुंभारावर जळतो, गायक गायकावर आणि भिकारी भिकाऱ्यावर. कुंभार राजावर जळत नाही. दूरच्या शिखरावर बसलेल्या माणसाचं आपण कौतुक करतो, त्याचे विचार भिंतीवर लावतो. आपल्याच बाकावर बसलेला मुलगा उठून दोन पायऱ्या चढला की मात्र रात्रीची झोप उडते, कारण त्याच्या चढण्यात एक प्रश्न लपलेला असतो: बाक तोच होता, मग तुझं काय झालं?

यावर अब्राहम टेसर आणि जोनाथन स्मिथ यांचा 1980 चा एक झकास प्रयोग आहे. शब्द ओळखण्याचा खेळ होता. समोरच्याला शब्द ओळखता यावा म्हणून सोपे किंवा अवघड सुगावे द्यायचे. ओळखणाऱ्यांत एक आपला मित्र, एक परका. 'हा नुसता खेळ आहे' असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला सोपे सुगावे दिले. पण 'यातून बुद्धिमत्ता कळते' असं सांगितल्यावर चित्र फिरलं. परक्याला सोपे आणि मित्राला अवघड! आपल्या खास विषयात मित्र पुढे जाऊ नये यासाठी माणूस इतक्या सहजपणे आणि इतक्या सभ्यपणे हात आखडता घेतो. त्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर 'छे, तो माझा जिवलग आहे' असंच उत्तर आलं असतं, आणि तेही खोटं नसतं.

तुमचा मित्र पोहण्यात किंवा हिशेबात नाव काढता तर तुम्ही सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या असत्या. तो नेमका तुमच्या प्रांतात शिरला. माणसांविषयी चुरचुरीत बोलणं ही तुमची जागा. ती तुम्ही मनात राखून ठेवली होती आणि तो तिथे जाऊन बसला. बसताना तुमच्या सतरंजीचा एक कोपराही ओढून घेतला. त्याच्या भाषणांतल्या तुमच्या वाक्यांकडे नंतर येते.

आधी वहीबद्दल. पत्रासोबत तुम्ही नमुन्याला तीन ओळी पाठवल्या आहेत. त्या इथे देते, कारण वाचकांनाही अंदाज यावा.

'गर्दीत अडकलेल्या प्रत्येकाला वाटतं की गर्दी बाकीच्यांची आहे.'

'सल्ला मागायला येणारा निर्णय घेऊनच आलेला असतो. त्याला फक्त साक्षीदार हवा असतो.'

'स्तुती नाकारणं म्हणजे ती दुसऱ्यांदा ऐकण्याची सोय.'

पहिली ओळ छान आहे. दुसरी माझ्या पोटावर पाय देणारी आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मत देत नाही. तिसरी मात्र तुमची नाही. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही ती चोरलीय असं मी म्हणत नाही. माणसाच्या स्वभावाची खाण एकच आणि खणणारे अनेक, तेव्हा तोच खडा दोघांना सापडतो. ही गोष्ट ला रोशफुको नावाच्या फ्रेंच सरदाराने सतराव्या शतकातच सांगून ठेवलीय. त्याचा किस्सा तुम्हाला उपयोगी पडेल. हा गृहस्थ राजकारणात सपशेल हरलेला. 1652 च्या लढाईत चेहऱ्यावर गोळी लागली, दृष्टी जवळजवळ गेली. मग तो पॅरिसमधल्या बैठकींत बसून माणसांविषयी एकेक ओळ घासू लागला. घासू लागला हे महत्त्वाचं. तिथे चार बुद्धिमान माणसं ओळ ऐकायची, नाक मुरडायची, 'हे जरा ताणलंय' म्हणायची आणि तो घरी जाऊन ती बदलायचा. 1665 साली पुस्तक आलं, तेही नाव न घालता. हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या आणि दर आवृत्तीत काही गाळलं, काही घातलं, काही सुधारलं. ज्या ओळी आपल्याला विजेसारख्या सुचलेल्या वाटतात त्यांच्यामागे तेरा वर्षांचं हे खोडरबर आहे. तुमच्या वहीला कुणी नाक मुरडलेलं नाही. म्हणून तुमची तिसरी ओळ कुणाची आहे हे कळायलाही तुम्हाला या सदराला पत्र लिहावं लागलं.

'लिश्टेनबर्गने तरी वह्या कुठे छापल्या होत्या?' असं तुम्ही म्हणाल. वाचणारा माणूस दिसता तुम्ही. गॉटिंगेनचा हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक 1799 साली गेला आणि त्याच्या वह्यांतली माणसांवरची टिपणं नंतर लोकांसमोर आली हे खरं. पण तो वर्गात रोज विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करत होता, लेख लिहीत होता, विजेच्या ज्या आकृत्यांना आज त्याचं नाव आहे त्या त्याने स्वतः शोधून जगाला दाखवल्या होत्या. त्याची एक मूठ झाकलेली होती, दुसरी उघडी. तुमच्या दोन्ही झाकलेल्या आहेत.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो आणि ते शहाणपणाचं म्हणून सांगतो. मला ही म्हण नेहमीच जरा घाबरट वाटत आलीय. उघडली तर त्यात काय निघेल याची धास्ती असलेल्या माणसानेच ती रचली असणार. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी 1978 साली हीच धास्ती पकडली होती. त्यांनी काही स्वयंसेवकांना जवळजवळ न सुटणारे प्रश्न दिले, अंदाजपंचे उत्तरं घेतली आणि वर सांगितलं, 'वा, उत्कृष्ट!' मग दुसरी परीक्षा. तिच्याआधी दोन औषधांतून एक निवडायचं: एकाने बुद्धी तल्लख होते, दुसऱ्याने मंदावते, असं त्यांना सांगितलेलं. ज्यांना आपण कसे काय जिंकलो हेच कळलं नव्हतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी, विशेषतः पुरुषांनी, बुद्धी मंदावणारं औषध मागितलं! हिशेब पक्का होता. हरलो तर औषधामुळे. जिंकलो तर औषध असूनही.

हुशार मुलगा म्हणून वाढलेल्या माणसाचं बरंचसं असंच होतं. स्तुती आधी मिळून गेलेली असते, काम नंतर करायचं असतं आणि केलेलं काम त्या स्तुतीला पुरं पडलं नाही तर काय, ही शंका आतून कुरतडते. मग प्रत्येकजण आपापलं औषध शोधतो. कुणी उशिरा सुरू करतो, कुणी एकाच वेळी पाच गोष्टी हाती घेतो, कुणी तब्येतीकडे बोट दाखवतो. तुमचं औषध 'लोकांची कुवत नाही' हे आहे. चवीला फार चांगलं असतं ते, कारण घेताना आपण औषध घेतोय असं वाटतच नाही. आपण उंचावर उभे आहोत असं वाटतं.

मला ठाऊक आहे, हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर अशी सहा तरी माणसं आली असतील आणि त्यांत तुम्ही नसाल. यालाही शास्त्र आहे. एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 साली लोकांना माणसाच्या विचारातल्या नेहमीच्या उणिवा समजावून सांगितल्या आणि विचारलं, तुमच्यात या किती? इतरांपेक्षा कमी, असं बहुतेकांनी सांगितलं. दुसऱ्याची खोट त्याच्या वागण्यावरून मोजायची आणि आपली आपल्या हेतूवरून, असा दुहेरी काटा आपल्या सगळ्यांकडेच असतो. तुमच्या वहीत 'माझ्या वरिष्ठांना श्रेय हवं असतं' असं आहे. तुम्हालाही श्रेय हवंय. फक्त तुमच्या बाबतीत त्याचं नाव न्याय आहे.

म्हणून वहीसाठी एक सोपी चाचणी सुचवते. प्रत्येक ओळीत 'माणूस', 'लोक', 'ते' असं जिथे आहे तिथे 'मी' घालून वाचा. 'गर्दीत अडकल्यावर मला वाटतं की गर्दी बाकीच्यांची आहे.' बघा, ओळ टिकली. उलट जरा जास्त गमतीदार झाली. ज्या ओळी 'मी' घातल्यावर मान टाकतात त्या निरीक्षणं नसतात, त्या तक्रारी असतात. तक्रारी लिहायला हरकत नाही, पण त्या वेगळ्या वहीत लिहा आणि ती मात्र खुशाल कुणाला दाखवू नका.

आता मित्राकडे येऊ. त्याला तुम्ही मध्यम म्हणता. असेल. पण दोन पुस्तकं पूर्ण करणं, अर्ध्या भरलेल्या सभागृहातही मनापासून बोलणं, पडलेल्या विनोदानंतर पुढच्या वाक्याकडे जाणं, लोकांची नावं लक्षात ठेवणं हे गुण तुमच्या मोजपट्टीवर का नाहीत? ती मोजपट्टी शाळेतल्या गुणपत्रिकेची दिसते. तिथे चटकन समजणाऱ्याला बक्षीस होतं. बाहेर आल्यावर शेवटपर्यंत नेणाऱ्यालाही असतं, हे आपल्यातल्या बऱ्याच हुशारांना फार उशिरा कळतं आणि कळल्यावर अन्याय वाटतो.

गंमत अशी की हे तुम्हाला कळलेलं आहे. सत्काराच्या वेळी तुम्ही जे वाक्य बोललात ते अख्ख्या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य आहे. आपल्याला काय येत नाही याचा विचार करत तुम्ही बसलात. तो बसला नाही. हे तुमच्या मित्राचं सर्वांत अचूक वर्णन आहे आणि सुराचा फरक सोडला तर ती स्तुती आहे. त्या वाक्यानंतर एक श्वास घेऊन 'आणि मला त्याचा हेवा वाटतो' एवढं म्हणाला असतात, तर सभागृह तेवढंच हसलं असतं आणि मित्राने तुम्हाला मिठी मारली असती. तुम्ही पूर्णविराम अलीकडे दिलात.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. खरं बोलणं सोडू नका, पण त्या दिवशी तुम्ही जे केलंत त्याला खरं बोलणं म्हणू नका. खरं सांगायचं होतं तर ते चहूबाजूंनी लोक नसताना, त्याला उत्तर देता येईल अशा जागी सांगितलं असतं. दुसऱ्याच्या सत्कारात, त्याच्याच पाहुण्यांसमोर, त्याला हसण्याखेरीज दुसरा पर्याय न ठेवता टाकलेला टोमणा हा टाळ्यांसाठी असतो. तुम्हालाही व्यासपीठ हवं होतं. मिळालं आणि मिळालेल्या दोन मिनिटांत तुम्ही जिंकलातही. किंमत मित्राने दिली.

त्याच्याकडे जा. फोन नको, संदेश तर नकोच. संदेशात तुम्ही पुन्हा शब्दांशी खेळाल. समोर बसून सांगा की त्या दिवशी मी तुला लागेल असं बोललो आणि मुद्दाम बोललो. एवढंच. 'गमतीत म्हणालो रे' हे जोडू नका, कारण त्या वाक्याने चूक समोरच्याच्या माथी जाते: म्हणजे तुला गंमत कळली नाही. तो चिडला तर चिडू द्या. त्या वेळी तुम्हाला एखादी फार सुंदर ओळ सुचेल. सुचेलच, तुम्हाला मी आता थोडीफार ओळखते. ती गिळा. वहीतसुद्धा लिहू नका.

वाक्यांच्या उचलेगिरीचा विषय त्याच भेटीत काढू नका. माफी आणि फिर्याद एकाच पाकिटात घालून नेली तर समोरचा फक्त फिर्याद वाचतो. महिना जाऊ द्या, मग सरळ सांगा: यापुढे माझं वाक्य घेतलंस तर माझं नाव घे. तुमचा हक्क आहे तो आणि मित्र चुकतोय, यात मला शंका नाही. बहुधा ती वाक्यं तुमची आहेत हेही तो विसरला असेल; हवेत बोललेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही दिवस राहिलं की त्याला ते स्वतःचंच वाटू लागतं. कागदावर तारीख घालून छापून आलेलं वाक्य विसरणं जरा अवघड जातं.

राहता राहिला तुमचा ताजा कलम, जो मी वर मुद्दाम छापला नाही. तुम्ही लिहिलंय: 'कृपया माझं नाव प्रसिद्ध करू नये. मात्र माझ्या ओळी वापरल्यास त्या माझ्या आहेत असा उल्लेख व्हावा.' हे दोन्ही एकदम कसं करायचं यावर मी अर्धी दुपार घालवली. शेवटी 'एक प्रेक्षक' एवढ्यावर भागवलंय. तुम्हाला जमणार असेल तर असं करा: 'मी' घालूनही टिकलेल्या चाळीस ओळी निवडा, आधी अशा एका माणसाला वाचायला द्या जो तुम्हाला हुशार मानत नाही, त्याने खोडून उरलेल्या मला पाठवा. पाकिटावर नाव घाला.